वाचत सुटलेलं यंत्र

चहाबरोबर बिस्किटं खातात, ही गोष्ट अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातल्या एका संगणकाला कुणीही शिकवली नव्हती. इंटरनेटवरचा मजकूर वाचता वाचता त्यानं ती स्वतः हुडकून काढली आणि टिपून ठेवली: चहा आणि बिस्किटं, नातं ‘सोबत दिले जाणारे पदार्थ’. या नोंदीशेजारी एक आकडाही होता. या गोष्टीची आपल्याला कितपत खात्री वाटते, ते सांगणारा.

या प्रणालीचं नाव नेल. ‘नेव्हर-एंडिंग लँग्वेज लर्निंग’ या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं. कार्नेगी मेलन विद्यापीठातले प्राध्यापक टॉम मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये तिला वाचायला बसवलं आणि पुढची अनेक वर्षं ती रात्रंदिवस वाचत राहिली. भारतातल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मिचेल हे नाव परकं नाही. १९९७ साली निघालेलं त्यांचं ‘मशीन लर्निंग’ हे पाठ्यपुस्तक आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही वर्षानुवर्षं अभ्यासलं गेलं. २०१८ साली त्यांच्या गटानं नेलच्या कामाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा तिच्या खाती सुमारे १२ कोटी नोंदी जमा झाल्या होत्या. संशोधक त्यांना समजुती म्हणत, कारण चूक निघण्याची शक्यता प्रत्येकीत धरलेली होती.

यंत्राला वाचायला लावणं अवघड आहेच. पण वाचलेल्यावर शंका घ्यायला शिकवणं त्याहून कितीतरी अवघड, हे नेलच्या वाटचालीतून जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं क्वचितच दुसरीकडे दिसेल. आज संगणकाशी गप्पा मारून माहिती घेणाऱ्या प्रत्येकानं ही वाटचाल समजून घ्यावी, ती याचसाठी.

पाच पुस्तकांपासून सुरुवात

संगणकाला जगाची माहिती द्यायची तर ती कुणीतरी बसून लिहायला हवी, असं एके काळी गृहीत धरलं जाई. १९८४ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन इथं डग्लस लेनाट यांनी ‘सायक’ नावाचा प्रकल्प सुरू केला, तो याच वाटेनं. रोजच्या व्यवहारातलं साधं शहाणपण, जे आपण लहान मुलालाही मुद्दाम सांगत नाही, ते तज्ज्ञांनी एकेक नियम करून संगणकाच्या भाषेत उतरवायचं. काम दशकानुदशकं चाललं. लाखो नियम लिहून झाले, तरी जग त्यात मावेना.

दुसरी वाट १९९२ साली मार्टी हर्स्ट या संशोधिकेनं दाखवली. तिचं निरीक्षण अगदी साधं होतं. ‘आंबा, फणस, चिकू यांसारखी फळं’ असे शब्द वाचले, तर ज्यानं फणस कधी पाहिला नाही त्यालाही ते फळ आहे एवढं कळतं. वाक्याचा साचाच ते सांगतो. हर्स्टनं आपल्या निबंधात बहुतेक वाचकांनी नावही न ऐकलेल्या एका तंतुवाद्याचं उदाहरण दिलं होतं. वाक्य नुसतं वाचूनही ते वाद्य कोणत्या जातीचं, हे उमगत होतं. असे मोजके साचे हाती धरून तिनं विश्वकोशाचा मजकूर चाळला, तेव्हा कोणती वस्तू कोणत्या प्रकारात मोडते याच्या याद्या आपोआप तयार होऊ लागल्या.

पण साचे तरी माणसानंच का शोधायचे? १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यानं हा प्रश्न एका छोट्या प्रयोगातून सोडवला. त्याच वर्षी त्यानं लॅरी पेज यांच्यासोबत गूगल कंपनी काढली, त्यामुळे हा प्रयोग काहीसा झाकोळला गेला. ब्रिननं संगणकाला फक्त पाच पुस्तकं आणि त्यांचे लेखक सांगितले. त्यात शेक्सपिअर आणि डिकन्स होते, तसे विज्ञानकथा लिहिणारे आयझॅक असिमोव्हही होते. पुस्तक आणि लेखक ही दोन्ही नावं ज्या पानावर जवळजवळ आली, तिथं त्यांच्या आजूबाजूला कोणती अक्षरं आहेत ती संगणकानं टिपली. त्यांतून साचे बनवले. ते साचे वापरून नवी पुस्तकं शोधली आणि नव्या पुस्तकांवरून आणखी साचे. थोडे फेरे झाल्यावर यादी पाचवरून पंधरा हजारांच्या वर गेली. माणसाचा हात त्यात जवळजवळ लागलाच नव्हता.

या चक्राची गंमत मोठी, आणि धोकाही तेवढाच मोठा. एक चुकीची जोडी यादीत शिरली तर ती चुकीचा साचा घेऊन येते आणि तो साचा आणखी दहा चुका.

आडवे शब्द, उभे शब्द

नेलची आखणी या धोक्याला समोर ठेवून केली होती. सुरुवातीला तिला वर्गांची एक यादी दिली गेली: शहर, कंपनी, खेळाडू, वनस्पती, विद्यापीठ, पर्वतशिखर असे सव्वाशेच्या आसपास वर्ग. जोडीला पन्नासेक नाती: अमुक कंपनीचं मुख्यालय तमुक शहरात, अमुक खेळाडू तमुक संघात. प्रत्येकासाठी दहा-पंधरा उदाहरणं दिली. वाचायला सुमारे ५० कोटी इंग्रजी वेबपानांचा साठा दिला. बाकी सगळं तिनं स्वतः शोधायचं होतं.

वाचण्यासाठी तिच्या पोटात एक नव्हे, चार वेगवेगळ्या यंत्रणा होत्या. पहिली वाक्यांचे साचे बघायची: ‘अमुकचा महापौर’ असं कुणी लिहिलं तर अमुक हे बहुधा शहर. दुसरी वेबपानांवरच्या याद्या आणि तक्ते वाचायची. तिसरी फक्त शब्दाची ठेवण पाहायची: नाव मोठ्या अक्षरानं सुरू होतं का, त्याचा शेवट कसा आहे. चौथी आधीच्या समजुती चाळून त्यांतून नियम काढायची. एखादा खेळाडू एनबीए या स्पर्धेत खेळत असेल तर त्याचा खेळ बहुधा बास्केटबॉल, हा नियम तिला असाच सापडला. स्टॅनली कप जिंकणारा संघ आइस हॉकीच्या एनएचएल या स्पर्धेतला असतो, हाही असाच.

खरी युक्ती होती ती या चौघींनी एकमेकींना अडवण्यात. शब्दकोड्यात आडवा शब्द चुकला की उभा शब्द बसत नाही. नेलच्या समजुतीही तशाच एकमेकींत गुंतवलेल्या होत्या. शहर असेल ते व्यक्ती असू शकत नाही, ही अट आधीच घातलेली. मुख्यालय शहरातच असतं, फळात नाही, हीही अट. एखादी यंत्रणा ९० टक्क्यांहून जास्त खात्रीनं काही सांगत असेल, तर ती समजूत पक्की धरली जाई. खात्री त्याहून कमी असेल, तर निदान दोन यंत्रणांनी स्वतंत्रपणे तेच सांगायला हवं. साक्षीदार डळमळीत असेल तर एकट्याच्या भरवशावर निकाल द्यायचा नाही, ही न्यायालयातली जुनी शिस्त इथं गणितात उतरली होती.

कुकी बेकरीत शिरली

पहिल्या ६७ दिवसांचा हिशेब संशोधकांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. नेलनं सुमारे २ लाख ४२ हजार समजुती गोळा केल्या होत्या आणि नमुन्यादाखल तपासल्यावर त्यांतल्या अंदाजे ७४ टक्के बरोबर निघाल्या. पण विचार करायला लावणारा आकडा वेगळाच होता. सुरुवातीच्या टप्प्यात शिकलेल्या शंभर गोष्टींपैकी सुमारे ९० बरोबर होत्या; मधल्या टप्प्यात ७१; शेवटच्या टप्प्यात ५७. जसजशी ती जास्त वाचत गेली, तसतशी नव्या गोष्टींत जास्त चुकत गेली.

असं का व्हावं, याचं एक उदाहरण मिचेल यांनी त्या वेळी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितलं होतं. भट्टीत भाजलेल्या पदार्थांचा वर्ग नेल छान शिकत होती. पाव, केक, कुकी, सगळं जागच्या जागी. मग ‘इंटरनेट कुकी’ हे शब्द तिच्या वाचनात आले. वेबसाइट आपल्या संगणकावर जी छोटी नोंद ठेवते, तिलाही कुकीच म्हणतात. नेलनं तिलाही बेकरीत बसवलं. पुढे ‘मी माझ्या इंटरनेट कुकी डिलीट केल्या’ असं वाक्य आलं. त्यावरून तिनं ताडलं, की जे डिलीट करता येतं ते बेकरीतलं असावं. मग ‘मी माझ्या फाइल डिलीट केल्या’ हे वाक्य येताच फाइलही भट्टीत गेल्या. एका चुकीमागून चुकांची रांग लागली.

यात नेलचा तर्क कुठंच मोडलेला नव्हता, आणि म्हणूनच ही चूक शोधायला कठीण. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरून रीतसर निघाली होती. फक्त पहिली पायरी निसरडी होती, आणि त्या सुरुवातीच्या रचनेत एकदा पक्की झालेली समजूत मागे घेण्याची सोय नव्हती.

पहिले सहा महिने नेल जवळजवळ एकटीच वाचत होती. साधारण एक चतुर्थांश वर्गांत तिची घसरगुंडी चालली आहे, हे लक्षात आल्यावर संशोधकांनी एक बदल केला. दर दोन आठवड्यांनी एका माणसानं प्रत्येक वर्गाची यादी पाचेक मिनिटं चाळायची आणि ढळढळीत चुका काढून टाकायच्या. मिचेल यांनी इंटरनेटची कुकी बेकरीतून हाकलली आणि नेलला तो वर्ग पुन्हा शिकायला लावला. २०१० च्या ऑक्टोबरपर्यंत तिच्या गाठीशी ३ लाख ९० हजार गोष्टी होत्या आणि त्यांतल्या सुमारे ८७ टक्के बरोबर असल्याचा अंदाज होता. माणसाची पाच मिनिटं एवढी मोलाची ठरली. पुढे प्रकल्पाच्या वेबसाइटवर कुणालाही नेलच्या समजुती पाहून त्या बरोबर की चूक, ते कळवता येऊ लागलं.

कुणी लिहीतच नाही ते

चुकांचा आणखी एक झरा मजकुरातच असतो. माणसं जे नेहमीचं असतं ते लिहीत नाहीत, जे वेगळं असतं ते लिहितात. जोनाथन गॉर्डन आणि बेंजामिन व्हॅन डर्म या संशोधकांनी २०१३ साली वेबवरचे उल्लेख मोजून दाखवले, तेव्हा माणसानं श्वास घेतल्याच्या उल्लेखांपेक्षा खून झाल्याचे उल्लेख कितीतरी जास्त निघाले. जो संगणक जग फक्त वाचूनच जाणतो, त्याला खून ही श्वासाहून नेहमीची घटना वाटली तर त्यात त्याचा दोष नाही.

काळाचा प्रश्नही तितकाच बिकट आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा जिल्हे २६ होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि संख्या ३६ वर गेली. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत लिहिलेला ‘३५ जिल्हे’ असा मजकूर त्या काळी बरोबरच होता, आणि तो आजही इंटरनेटवर आहे. वाचणाऱ्या यंत्राला दोन्ही आकडे भेटतात. कोणता आकडा कधीचा, हे वाक्यात बहुतेकदा लिहिलेलंच नसतं. एखादी गोष्ट कोणत्या काळापुरती खरी, हे मजकुरावरून ठरवण्याच्या पद्धतींवर मिचेल यांच्याबरोबर काम करणाऱ्यांत पार्थ तालुकदार हे भारतीय संशोधक होते. पुढे ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

नेल वाचत असतानाच इतरांचेही प्रयत्न जोरात होते. फेब्रुवारी २०११ मध्ये आयबीएमच्या ‘वॉटसन’ या प्रणालीनं अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’ या लोकप्रिय प्रश्नमंजूषेत केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन दिग्गजांना हरवलं. त्या सामन्यात अमेरिकेतल्या शहरांबद्दलच्या एका प्रश्नाला वॉटसननं उत्तर दिलं टोरोंटो, म्हणजे कॅनडातलं शहर. बरोबर उत्तर होतं शिकागो. पण त्या उत्तरापुढे वॉटसननं पाच प्रश्नचिन्हं लावली होती आणि हजारो डॉलर खात्यात असताना पणाला लावले होते फक्त ९४७. आपल्याला हे नीट ठाऊक नाही, हे त्या यंत्राला ठाऊक होतं. म्हणूनच ती चूक त्याला महागात पडली नाही.

२०१२ च्या मे महिन्यात गूगलनं ‘नॉलेज ग्राफ’ आणला. एखाद्या व्यक्तीचं नाव शोधल्यावर शेजारच्या चौकटीत जन्मतारीख, गाव, पुस्तकं अशी माहिती दिसते, ती यातून येते. २०१४ साली गूगलच्याच संशोधकांनी वेबपानं आपोआप वाचून १६० कोटी नोंदी जमवल्याचं जाहीर केलं. ९० टक्के किंवा त्याहून अधिक खात्री देता येईल अशा नोंदी त्यात होत्या फक्त सुमारे २७ कोटी. बाकीच्यांवर संशयाची खूण ठेवूनच त्या जपल्या गेल्या.

आकड्यांत विरघळलेली माहिती

आणि मग वाट बदलली. २०१८ नंतर जी मोठी भाषा-प्रारूपं पुढे आली, ती नेलसारख्या नोंदी ठेवत नाहीत. त्यांना अफाट मजकूर देऊन गाळलेला किंवा पुढचा शब्द ओळखायला लावतात. हे करता करता भाषेबरोबर जगाची माहितीही त्यांच्यात उतरते. २०१९ साली फेसबुकच्या काही संशोधकांनी अशा प्रारूपांना रिकाम्या जागा भरायला दिल्या. ‘दान्तेचा जन्म अमुक इथं झाला’ अशा वाक्यातली अमुकची जागा भरायची. माहितीचा वेगळा साठा हाताशी नसतानाही प्रारूपं अशा बऱ्याच जागा बरोबर भरत होती.

ही झेप मोठी होती, यात शंका नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आल्यावर ती घराघरांत पोचली. पण या झेपेत एक गोष्ट हातची सुटली. नेलला एखादी समजूत कशावरून, असं विचारलं तर ती पुरावा काढून दाखवू शके: हे साचे, ही यादी, इतकी खात्री. नव्या प्रारूपात तीच माहिती अब्जावधी आकड्यांत विरघळून गेलेली असते. दान्तेचं जन्मगाव नेमकं कुठं साठवलं आहे, यावर बोट ठेवणं अतिशय कठीण. त्यामुळे माहीत असलेली गोष्ट आणि नुसती शोभून दिसणारी गोष्ट, दोन्ही सारख्याच ठसक्यात सांगितल्या जातात. न लिहिलेली पुस्तकं, न झालेले न्यायालयीन निकाल ही यंत्रं बेधडक सांगतात, ती यामुळे.

यावर सध्या जो उपाय सर्वाधिक वापरात आहे, तो पुन्हा वाचनाकडेच वळतो. प्रश्न आला की प्रारूपानं आधी संबंधित मजकूर शोधून काढायचा, तो समोर ठेवायचा आणि मगच उत्तर द्यायचं, शक्य तर उगमासकट. २०२० पासून ही पद्धत रुळत गेली. तिचं यश समोर आलेला मजकूर कसा आहे, यावर अवलंबून असतं.

कोल्हापूर, कापूर आणि भरपूर

मराठीचा प्रश्न इथंच येऊन भिडतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख. हिंदी आणि बंगालीनंतर तिसरा क्रमांक. पण भाषा-प्रारूपांच्या प्रशिक्षणासाठी वेबपानांचा जो ‘कॉमन क्रॉल’ हा खुला साठा सर्रास वापरला जातो, त्यात इंग्रजीचा वाटा ४० टक्क्यांच्या वर आहे आणि मराठीचा वाटा एक टक्क्याच्या दहाव्या भागाएवढाही नाही.

मजकूर कमी, आणि वाचणं जास्त अवघड. इंग्रजीत विशेषनाम मोठ्या अक्षरानं सुरू होतं. नेलच्या तिसऱ्या यंत्रणेला तो मोठा आधार होता. देवनागरीत तशी खूण नाही. ‘प्रकाश आला’ म्हणजे उजेड की शेजारचा मुलगा, हे अक्षरांवरून कळत नाही. शब्दाच्या शेवटावरून ओळखायचं म्हटलं, तर कोल्हापूर, सोलापूर, नागपूर ही शहरं. पण कापूर आणि भरपूरही त्याच रांगेत येऊन उभे राहतात. तेंडुलकर, मंगेशकर ही आडनावं. लवकर आणि भयंकर ही नव्हेत. शिवाय एकच नाव दर वाक्यात रूप पालटतं. साताऱ्याला, साताऱ्यात, साताऱ्याहून, साताऱ्याचा: यांतल्या एकाही रूपात ‘सातारा’ जसाच्या तसा दिसत नाही. मराठी माणसाला हे जाणवतसुद्धा नाही. यंत्राला मात्र ही सगळी रूपं एकाच गावाची आहेत, हे वेगळं शिकावं लागतं.

या कामाला हात घातलेली माणसं आहेत. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली मराठी शब्दांचं अर्थसंबंधांनी जोडलेलं जाळं, म्हणजे मराठी वर्डनेट, उभं राहिलं. मद्रास आयआयटीतला ‘एआय-फॉर-भारत’ हा गट मराठीसह भारतीय भाषांतला मजकूर गोळा करून खुला करतो. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर वाचता येतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर स्वयंसेवक आजही लेख लिहितात, सुधारतात, संदर्भ जोडतात. जिल्ह्यांचा आकडा लिहिताना तो कोणत्या वर्षीचा, हे तिथं कुणी नोंदवलं तर वाचणाऱ्या यंत्राची एक अडचण तिथल्या तिथे सुटते.

पुण्यातल्या ‘एल-थ्री-क्यूब’ या गटानं २०२२ साली मराठीतली २५ हजार वाक्यं हातानं खुणा करून खुली केली. व्यक्ती, ठिकाण, संस्था, पद, तारीख, वेळ, माप अशा आठ प्रकारांपैकी कोणता शब्द कशात बसतो, हे त्या वाक्यांत एकेका शब्दावर लिहिलेलं आहे. ५० कोटी पानांपुढे २५ हजार वाक्यं थोडी वाटतील. पण नेलला सावरायला दर वर्गामागे पंधरवड्यातून पाच मिनिटं पुरली होती, हे ध्यानात घेतलं की मराठी जाणणाऱ्या माणसांनी घातलेल्या या खुणांचं मोल कळतं. आता अशाच खुणा हव्यात त्या कायदा, शेती, आरोग्य अशा विषयांवरच्या मजकुरावर, आणि मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलींतल्या लेखनावर. ते काम करायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. भाषा घरची असावी लागते आणि प्रत्येक शब्दापाशी थांबून विचार करण्याची तयारी असावी लागते.